हिशेबाची वही आणि कृपासदन : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचा एक प्रकरण अभ्यास

१८९१ साल. विधवांना शिकवणारी शारदा सदन ही संस्था मुंबईहून पुण्याला हलवून फार दिवस झालेले नाहीत. सदन चालवणाऱ्या बाई तेहतीस वर्षांच्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या, इंग्लंड-अमेरिका पाहून आलेल्या, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेल्या, पदरी दहा वर्षांची मुलगी. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे उलटलेली. विधवांसाठी त्या रात्रंदिवस राबतात, हे तर सगळ्या पुण्याला दिसते आहे. ख्रिस्ती माणसाकडून याहून अधिक काय हवे?

आणि नेमक्या त्याच सुमारास रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, तो आपल्यासाठी चांगलाही आहे, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त काही आपल्याला सापडलेला नाही.

१९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे आपण श्रद्धेपर्यंत कसे आलो याच्या कथनात, त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितले आहे की वाचणारा थबकतो. (साक्ष मूळ इंग्रजीत आहे, या लेखात तिचा आशय माझ्या मराठीत दिला आहे.) आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शास्त्राभ्यासात आम्ही चार आठवडे या एकाच प्रसंगाभोवती बसलो. प्रश्न एवढाच ठेवला होता : त्या आठ वर्षांत कमी काय होते? कष्ट कमी नव्हते, ज्ञान तर नाहीच नाही. मग?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या आठ वर्षांत रमाबाईंच्या हातात अजून हिशेबाची वही होती. लहानपणापासून घडवलेली ती वही बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजली, पण वाहून गेली नाही. ती सुटली तेव्हा त्यांची सेवा वाढली, आणि तिची जातही बदलली. हे कसे झाले ते नीट पाहायचे तर पार त्यांच्या जन्मगावी, गंगामूळच्या जंगलापर्यंत मागे जावे लागते.

वेताची पेटी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते आणि धाडसीही. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष त्यांनी पत्करला, पण शिकवणे सोडले नाही. सह्याद्रीच्या रानात गंगामूळला त्यांनी आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाहुणचार करता करता घर कर्जात बुडाले, आणि मूल सहा महिन्यांचे असताना कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. रमाबाईंना वेताच्या मोठ्या पेटीत घालून डोंगरातून खाली आणले गेले.

पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब पुराणिक म्हणून जगले. देवळात, झाडाखाली, घाटावर बसायचे आणि पोथी वाचायची. ऐकणाऱ्याला ऐकल्याचे पुण्य; तो फूल, फळ, वस्त्र, पैसा ठेवून जायचा. वाचणाऱ्याच्या हाती जे पडेल त्यातले बरेचसे पुन्हा दानधर्मात, व्रतवैकल्यांत. अमुक तीर्थात अमुक तिथीला स्नान केले की इतके पुण्य, अमुक दान दिले की तितके. घरातले प्रत्येक माणूस मनापासून हे करीत होते. इथे ढोंग शोधायला जाऊ नये, ते नव्हते.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधी रोख संपली, मग दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, तांब्या-पितळेची भांडी गेली. आणि हे सगळे केवळ पोटासाठी गेले नाही. उरल्यासुरल्या पैशाचा मोठा भाग देवांना प्रसन्न करण्यात गेला. जितके जास्त घालू तितके देव पावेल, हा हिशेब होता, आणि संकट जसजसे वाढले तसतशी भरणा करण्याची घाईही वाढली. शेवटी तांदळाचा शेवटचा दाणा संपला. मरायचे ठरवून सगळे रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, पाला आणि ओंजळभर रानखजूर एवढ्यावर काढल्याचे रमाबाई लिहितात.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला सोडवत नाही. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन निरोप दिला. आशय असा : तू माझी सर्वांत धाकटी, सर्वांत लाडकी. मी तुला आपल्या देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, त्याचीच राहा, आणि जन्मभर त्याची सेवा कर.

या निरोपात ‘जर’ नाही. देवाने अन्न दिले तर, वाचवले तर, असे काही नाही. वहीत लिहायला जमेच्या बाजूला एक पैसा उरला नाही, तेव्हा त्या माणसाच्या तोंडून हे निघाले. साक्षीत रमाबाईंनी वडिलांचे हे शब्द प्रेमाने जपून ठेवले आहेत. मूर्तिपूजेवर त्यांनी कडक लिहिले, पण या निरोपावर नाही. मला वाटते, पुढे १८९१ मध्ये जे झाले त्याचे बी इथे, उपाशी बापाच्या तोंडून पडले होते. फक्त त्याला उगवायला वेळ लागला.

वडील १८७४ मध्ये गेले, काही आठवड्यांत आई, नंतर थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

फुलहॅममधला प्रश्न

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनीसंघाने (जोगिणींच्या मठाने) त्यांना आसरा दिला. ख्रिस्ती व्हायचे नाही, असे ठरवूनच त्या निघाल्या होत्या. बरोबर गेलेल्या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली, तो घावही त्यांनी त्याच दिवसांत सोसला.

या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले एक घर दाखवायला पाठवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांचे ते घर. रमाबाईंनी तिथे पाहिले की या स्त्रियांना कोणी हिडीसफिडीस करीत नाही. इतकेच नव्हे, पूर्वी याच घरात आलेल्या काही जणी आता आजारी-अपंगांच्या सेवेला लागल्या आहेत. त्यांनी आपल्या देशात असे कुठे पाहिले नव्हते. म्हणून त्यांनी एका भगिनीला विचारले : तुम्ही यांची काळजी का घेता?

भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली, यहूदी लोक ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

तो प्रसंग आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो. पण रमाबाईंच्या जागी बसून तो ऐकावा. पोथी वाचायची, ऐकणाऱ्याने ठेवायचे, मग पुण्य, या चाकोरीत वाढलेली ही बाई. आणि इथे देवच आधी हात पुढे करतो, तेही तांब्याभर पाण्यासाठी, आणि जिच्याकडून काही मिळण्यासारखे नाही अशा बाईपुढे. तिने नवस बोललेला नाही, शुद्धी करून घेतलेली नाही, पाच नवऱ्यांचा हिशेबही आधी मिटवलेला नाही. रमाबाईंना तिथे पटले की खचलेल्या स्त्रीला उचलणारा हाच.

२९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आठ वर्षे

आता मुद्द्याचा भाग. फुलहॅममध्ये इतके स्वच्छ दिसले, मग १८९१ पर्यंत काय राहिले होते?

रमाबाई स्वतःच सांगतात. ज्या धर्मात स्त्रीला आणि पुरुषाला, वरच्याला आणि खालच्याला सारखाच अधिकार, असा धर्म मिळाल्याचे समाधान त्यांना होते. लहानपणापासून ऐकलेले होते की स्त्रीला स्वतःच्या वाट्याने मोक्ष नाही. त्या ओझ्यातून सुटणे लहान गोष्ट नव्हे. पण तारण म्हणजे काय, याची त्यांची कल्पना जुनीच राहिली होती : सुख मिळवायचे तर आपल्या गाठीला पुण्य हवे. पूर्वी ते तीर्थांनी आणि व्रतांनी जमायचे. आता बाप्तिस्मा, उपासना, मंडळीचे विधी आणि चांगली कामे यांनी जमेल. दुकान बदलले, चलन बदलले, व्यवहार तोच.

हे मी त्यांच्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. आपल्या मंडळ्यांत बसून मी रोज हेच पाहतो, आणि काही वर्षे मी हेच जगलो आहे. उपासनेनंतर साक्षी होतात. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, प्रभूची स्तुती असो. आखातातला व्हिसा झाला, कर्ज मंजूर झाले, गाठ साधी निघाली. या साक्षी खऱ्या असतात आणि ते आनंदही खरे. पण त्याच वेळी शेवटच्या बाकावर कोणीतरी बसलेले असते, ज्याची गाठ साधी निघाली नाही. त्याच्याकडे सांगायला साक्ष नाही. बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले दशांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचे, वचन जेव्हा ‘इतके भरा, इतके मिळेल’ अशा हिशेबाने शिकवले जाते, तेव्हा मार खातो तो शेवटच्या बाकावरचा. मूल गेलेल्या एका बाईंनी मला एकदा हळू आवाजात विचारले होते, “माझा दशांश कुठल्या महिन्यात चुकला असेल का हो?” या प्रश्नापुढे मी गप्प झालो. एखाद्या आईला आपल्या मुलाच्या मरणाचे कारण दशांशाच्या पाकिटात शोधायला लावणारी शिकवण कुठल्या शुभवर्तमानातून आली, याचा जाब आम्हा शिकवणाऱ्यांना द्यावाच लागेल.

पवित्र शास्त्र हा प्रश्न टाळत नाही. ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सैतानाचा सवाल हाच आहे : ईयोब काय फुकट देवाचे भय धरतो? त्याच्याभोवती कुंपण घातलेस, त्याच्या हाताला यश दिलेस. ते काढून घे, मग बघ. आणि येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, सगळे उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो तेव्हा थोरला भाऊ अंगणात उभा राहून काय म्हणतो? इतकी वर्षे राबतो आहे, एक आज्ञा मोडली नाही, आणि मला साधे करडू कधी दिले नाही. थोरला घर सोडून गेलेला नाही, सगळे काम करतो, आणि तरी घराबाहेरच उभा आहे. त्याने बापाची चाकरी केली आणि मजुरी मांडून ठेवली. १८९१ च्या रमाबाई मला या थोरल्या भावाच्या अंगणात दिसतात. एक फरक मात्र आहे. त्यांना स्वतःला कळले की आपण बाहेर आहोत.

कसे कळले, याचा एक धागा त्या देतात. इंग्लंडमधल्या एका पाळकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. उपदेशक झाल्यावर, धर्मकार्य सुरू असतानाच ज्याचे मन बदलले असा तो पाळक. ते वाचून त्या अस्वस्थ झाल्या. आपल्या विचाराने, आपल्या अभ्यासाने काही होत नाही, हे दिसल्यावर त्यांनी जे केले त्यासाठी त्या एकच शब्द वापरतात : विनाअट. काहीही अट न घालता त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या हाती सोपवले आणि दयेची याचना केली. पुढे त्या म्हणतात, देवाचे सत्य माझ्या लहानपणापासूनच्या समजुतीहून किती वेगळे निघाले. मला वाटत होते की सुख किंवा स्वर्ग मिळवायला माझ्याजवळ पुण्य हवे.

‘विनाअट’ हा शब्द आमच्या वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा एका निवृत्त तलाठीकाकांनी लगेच हात वर केला. त्यांचे म्हणणे असे की सातबाऱ्यावर बोजा चढवलेली जमीन आणि बोजा उतरवलेली जमीन, माती तीच, पीक तेच, पण मालकाची झोप वेगळी. मला हे उदाहरण माझ्या सगळ्या तयारीपेक्षा जास्त आवडले. १८९१ च्या आधी आणि नंतर रमाबाईंचे सदन तेच, विद्यार्थिनी त्याच. बोजा उतरला होता.

केडगाव

बोजा उतरलेल्या माणसाचे काम कसे दिसते, हे पाहायला सहा वर्षे थांबावे लागते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना बातम्या वाचून राहवेना. वीस-बावीस वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस अंगात जागे झाले असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत आणि रस्त्यांवर हाडांचे सापळे झालेल्या मुली, आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे दलाल त्यांनी पाहिले. तीनशे मुली आणायचे त्यांनी मनाशी ठरवले.

हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणा होता. शारदा सदनाला पैसा येत होता तो बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेने हमी दिली होती दहा वर्षांची, आणि मुदत १८९८ मध्ये संपत होती. पुण्यात प्लेग होता. बाहेरून इतकी माणसे आणून ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. शारदा सदन उभे राहिले होते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि या मुली खेड्यापाड्यांतल्या, सगळ्या जातींच्या, उपासमारीने आणि रोगाने पोखरलेल्या. कोणाचे नाव होईल, कोणाला दाखवता येईल, असे त्यात काही नव्हते.

पुण्यापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर केडगावला सदनाच्या खर्चासाठी म्हणून घेतलेली शंभर एकरांच्या आसपासची जमीन होती. फळबागेच्या उत्पन्नाचा विचार होता. त्याच माळावर मुलींना नेले. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्याही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक, धुणे, औषध, आणि पुढे हातमाग, तेलघाणा, शेती, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलचे वर्ग. ते काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १८९९ मध्ये सुरू झालेले कृपासदन. दुष्काळात ज्यांना विकले गेले, ज्यांच्यावर अत्याचार झाले, वेश्यावस्तीतून ज्या आल्या, त्यांच्यासाठी वेगळे घर. फुलहॅमला १८८३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उभे राहिले. पहिल्या सदनाचे नाव शारदेचे, विद्येचे; दुसऱ्याचे मुक्तीचे; या घराचे कृपेचे. कृपा म्हणजे जिची किंमत कोणी मोजलेली नाही ती.

फुलहॅममध्ये त्यांना सगळे दिसले होतेच, मग कृपासदनाला सोळा वर्षे का लागली? पैसा, वेळ, परिस्थिती ही कारणे आहेतच. पण मला वाटते, ज्याला स्वतःचे पुण्य जमवायचे आहे तो बहुधा अशी सेवा निवडतो जिच्यातून काही जमेल : शिकलेली मुलगी, सुधारलेले कुटुंब, समाजाची वाहवा. कृपासदनातल्या अनेक जणींकडून परतफेडीची काही आशा नव्हती. शरीर रोगाने, मन धक्क्याने मोडलेले. काही शिव्या देत, काही पळून जायला बघत. अशांना सांभाळायला जे मन लागते ते आधी स्वतः फुकट मिळालेले असावे लागते. योहानाच्या पहिल्या पत्रात हा क्रम आहे : त्याने आधी प्रीती केली, म्हणून आपण करतो. क्रम उलटा केला की पुन्हा वही उघडते.

वर्गात उठलेल्या दोन हरकती

पहिली हरकत जड आहे आणि ती बाहेरचीही आहे. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ झाले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती केले जात आहे, असे म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे मित्रही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावला तर हजारो मुली रमाबाईंच्याच भाकरीवर होत्या. वर्गातल्या एका तरुणाने सरळ विचारले : देवाशी सौदा सोडला म्हणता, पण भाकरीच्या बदल्यात विश्वास, हा सौदा नाही का?

या प्रश्नाला झटकून टाकणारे उत्तर मला मान्य नाही. रमाबाईंची बाजू अशी की त्या कोणावर जबरदस्ती करीत नव्हत्या; आपल्या खोलीत त्या प्रार्थना करायच्या, दार उघडे असायचे, ज्याला यायचे तो येई. त्यांचा प्रामाणिकपणा मी मानतो. तरीही जिचे आईबाप दुष्काळात गेले आणि जिला ज्या हाताने भाकरी दिली त्याच हाताने शुभवर्तमान दिले, त्या दहा वर्षांच्या मुलीची निवड किती मोकळी असते? केडगाव बाजूला ठेवू. आज आमच्या मंडळीच्या वैद्यकीय शिबिरात हा प्रश्न उभा आहे. म्हणून आम्ही एक ठरवले : औषधाच्या रांगेत पत्रक वाटायचे नाही. कोणी विचारले की तुम्ही हे का करता, तर सांगायचे. फुलहॅमच्या भगिनीनेही रमाबाईंनी विचारल्यावरच अध्याय उघडला होता.

दुसरी हरकत मावशींची. मावशी आमच्या वर्गातल्या सर्वांत वडील. चष्मा दोऱ्याने गळ्यात, बायबलच्या पानापानांत औषधांच्या चिठ्ठ्या खुणेला. त्यांना सगळ्यात बोचली ती १८९६ ची गोष्ट. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात रमाबाईंनी देवाकडे मागितले होते की आपल्याकडच्या पंधरा ख्रिस्ती मुलींचा वर्ग व्हावा, पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस, आणि तोही पुढच्या मेळाव्यापर्यंत. मावशी म्हणाल्या, “हे बघा. ही बाई तर देवाला आकडा सांगते, तारीख सांगते. आणि तुम्ही आम्हाला सांगता मागू नका?”

मी म्हणालो, मागू नका असे कोण म्हणतो? आम्ही सगळेच त्या प्रसंगाकडे परत गेलो. रमाबाईंनी आकडा मागितला, पण त्याच्या बदल्यात काही देऊ केले नाही. ‘इतक्या मुली दे, मग मी अमुक करीन’ असे नाही, आणि ‘नाही दिल्यास तर मी थांबेन’ असेही नाही. लेकरू आईकडे लाडू मागते तसे. आई देईल किंवा नाही देईल. लेकरू घर सोडून जात नाही. सौद्यात मागण्याबरोबर धमकी असते, ती कितीही हळू आवाजात का असेना. मावशींनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते, ते चेहऱ्यावरून कळत होते.

चौथ्या आठवड्याला त्या उपासनेच्या आधी मला बाजूला घेऊन बोलल्या. नातू आजारी असताना त्यांनी मनात बोलले होते : बरा झाला तर हातातली एक सोन्याची बांगडी प्रभूला. नातू बरा होऊन शाळेतही जाऊ लागला होता. बांगडी अजून हातात होती. “आता सांगा,” त्या म्हणाल्या, “फेडली तर सौदा, नाही फेडली तर खोटेपणा. मी काय करू?”

मी पाळक नाही, आणि अशा वेळी पटकन उत्तर देणारा माणूस तर नाहीच. एवढेच म्हणालो की दिलेला शब्द पाळा, त्यात वाईट काही नाही. पण नातू बांगडीमुळे बरा झाला असे त्याला कधी सांगू नका, आणि ज्यांचे नातू बरे झाले नाहीत त्यांना तर मुळीच नको.

त्या बराच वेळ बांगडी फिरवत बसल्या. मग त्यांनी मला विचारले की, मागे तुम्ही सांगितले होते ती दशांशाचे विचारणारी बाई, जिचे लेकरू गेले, ती कुठे राहते. मी पत्ता सांगितला नाही. तो द्यायचा माझा अधिकार नव्हता. पण तिला विचारून कळवतो म्हणालो. तिने ‘या’ म्हटले. पुढच्या रविवारी मावशी उपासनेला आल्या नाहीत. सकाळी भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन त्या तिच्याकडे गेल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या. काय बोलणे झाले ते दोघींनीही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

बांगडीचे काय झाले, तेही मला ठाऊक नाही. त्यानंतर ती त्यांच्या हातात दिसली नाही.